वाचणाऱ्याचा उंबरठा

वाचन ही एकांतातली क्रिया आहे असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. माणूस दिव्याजवळ पुस्तक उघडून बसला की तो आणि लिहिणारा यांच्यामध्ये तिसरे कोणी नसते. कोणत्या ओळीवर तो थांबला, कोणते पान त्याने दोनदा वाचले, कुठे कंटाळून पाने उलटली याची नोंद कोणाकडेच राहत नाही. ग्रंथालयाच्या रजिस्टरात फार तर पुस्तकाचे नाव आणि तारीख राहते. पुस्तक वाचले जाते, पण पुस्तक आपल्याला वाचत नाही. ही गोष्ट इतकी साधी होती की तिला कोणी हक्क वगैरे नाव दिले नाही. हवेला कोण हक्क म्हणतो?

इंटरनेटवरच्या पानाने ही साधी गोष्ट बदलून टाकली. आज आपण मोबाइलवर एखादी बातमी उघडतो तेव्हा ती बातमी एकटी येत नाही. तिच्याबरोबर काही हुकूमही येतात आणि ते आपल्याच यंत्रावर, आपल्याच विजेवर, आपल्याच पैशाने घेतलेल्या डेटावर चालू लागतात. या हुकुमांच्या चिठ्ठीला संगणकाच्या भाषेत ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या कानाला स्क्रिप्ट म्हटले की आधी ‘रस्मुलखत’ म्हणजे लिपी आठवते. पण इथे अर्थ वेगळा आहे. नाटकाची संहिता जशी नटाला सांगते की आता उठ, आता दाराकडे जा, तशी ही स्क्रिप्ट आपल्या यंत्राला सांगते की हे कर आणि ते कर. मजकूर आपल्याशी बोलतो, स्क्रिप्ट आपल्या यंत्राशी बोलते, आणि बहुतेक वेळा आपल्याला न कळता बोलते.

काही थोडे लोक ही स्क्रिप्ट बंद करून इंटरनेट वाचतात. ब्राउझरमध्ये तशी सोय असते. आम्हीही बरेच दिवस तसे वाचत आलो आहोत. यात प्रश्न तांत्रिक कमी आणि नैतिक जास्त आहे, असे आम्हाला वाटते. जे पान आपल्या घरात येऊन हुकूम सोडते त्याला ‘मजकूर ठेव आणि जा’ असे सांगण्याचा अधिकार वाचकाला आहे का? असला तर तो वापरणे शहाणपणाचे की हेकेखोरपणाचे? आणि ज्यांना असे सांगताच येत नाही त्यांचे काय?

आधी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत जे जाळे उभारले आणि १९९१ साली जगासाठी खुले केले, त्यातली पाने म्हणजे नुसता मजकूर आणि एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारे दुवे होते. शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत एवढाच हेतू. पुढे मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एका छोट्या भाषेचा आराखडा तयार केला. तीच आजची जावास्क्रिप्ट. फॉर्ममध्ये चूक राहिली तर लगेच दाखवणे, एखादे चित्र हलते करणे, अशी तिची सुरुवातीची कामे होती. आज एका साधारण पानाबरोबर मोबाइलवर अर्ध्या मेगाबाइटपेक्षा जास्त वजनाची स्क्रिप्ट येते. बातमी मात्र अजूनही चार परिच्छेदांचीच असते. त्या चार परिच्छेदांचे वजन काही किलोबाइट भरेल. बाकीचा बोजा कोणासाठी आहे, हा प्रश्न वाचकाने विचारायला हवा.

स्क्रिप्ट बंद केल्यावर काय दिसते? विकिपीडियाचा लेख, मग तो मराठी असो की उर्दू, नीट उघडतो आणि सरळ वाचता येतो. बरीच जुनी, साधी पाने पूर्वीपेक्षा लवकर उघडतात. उड्या मारणाऱ्या जाहिराती नाहीशा होतात. पण कितीतरी ठिकाणी नुसते कोरे पान समोर येते. शाळेच्या कामासाठी उघडलेल्या एका संकेतस्थळावर आम्हाला पांढऱ्या पडद्याखेरीज काहीच दिसले नाही. तिथे एक साधे परिपत्रक होते. ते वाचायला खरे तर अक्षरांपलीकडे कशाचीच गरज नव्हती. पत्र घेऊन आलेल्या माणसाने ‘आधी मला स्वयंपाकघरापर्यंत येऊ द्या, मगच पत्र देतो’ असे म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो दुबळा नाही. आक्षेप घेणारे म्हणतात : तुम्ही दुसऱ्याच्या संकेतस्थळावर जाता म्हणजे त्याच्या घरी पाहुणे म्हणून जाता. घर त्याचे, रीत त्याची. त्याने चहा दिला आणि चार जाहिराती दाखवल्या तर चहा पिऊन जाहिरातीकडे पाठ फिरवणे ही कसली तहजीब? वर्तमानपत्रे जाहिरातींवर जगतात. फुकट वाचायचे आणि किंमत चुकवायची नाही, याला चोरी नाही तर दुसरे काय म्हणायचे?

या आक्षेपाचे उत्तर देण्यासाठी पाहुणा कोण आणि यजमान कोण हे आधी ठरवले पाहिजे. आपण पान ‘पाहायला जातो’ असे म्हणतो, पण ती बोलण्याची पद्धत झाली. प्रत्यक्षात आपण कुठेही जात नाही. पान आपल्याकडे येते. त्याची प्रत आपल्या यंत्रात उतरते आणि तिच्यातले हुकूम आपल्या यंत्रात चालतात. म्हणजे मजकुरापुरते आपण पाहुणे असू, पण स्क्रिप्टपुरते आपण यजमान आहोत आणि ती पाहुणी आहे. पाहुण्याला यजमानाच्या घरात कुठेही फिरण्याची मुभा कोणत्या समाजात असते?

राहिला जाहिरातीचा मुद्दा. छापील वर्तमानपत्रातही जाहिराती होत्या आणि आहेत. आम्ही त्या लहानपणापासून पाहत आलो. पण सोन्याच्या दुकानाची छापील जाहिरात आपल्या मागे घरापर्यंत येत नव्हती. आपण तिच्याकडे किती सेकंद पाहिले हे ती दुकानदाराला सांगत नव्हती. तेव्हा आमची तक्रार जाहिरातीबद्दल नाही, मागावर राहण्याबद्दल आहे. वाचनाची किंमत असेल तर ती जरूर सांगावी. वर्गणी मागावी, देणगी मागावी, न हलणारी साधी जाहिरात लावावी. सांगून घेतलेली किंमत हा व्यवहार आहे. न सांगता खिशातून काढून घेतलेल्या वस्तूला किंमत म्हणता येणार नाही, मग ती वस्तू डोळ्यांना दिसत नसली तरी.

दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घेण्याचा संस्कार आम्हा मुसलमानांच्या घरांत फार लहानपणी होतो. कुरआनच्या सूरह नूरमध्ये त्याबद्दल स्पष्ट आदेश आहे. घरच्यांची संमती घेतल्याशिवाय आणि त्यांना सलाम केल्याशिवाय आत जाऊ नये, आणि परत जा म्हटले तर निमूटपणे परत जावे, असा त्याचा आशय. हदीसमध्ये तीन वेळा परवानगी मागावी आणि उत्तर आले नाही तर माघारी फिरावे, असे सांगितले आहे. यातला बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. दार न उघडणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे अशी अट तिथे नाही. नकार देणाऱ्याकडे संशयाने पाहू नये हेही त्यातच आले. ‘तुझ्याकडे लपवण्यासारखे काही नसेल तर दार का लावतोस?’ हा आजचा लाडका प्रश्न त्या शिस्तीत बसत नाही. दार हे लपवण्यासाठी नसते, ते घर असण्याची खूण असते.

आणखी एक शब्द. ‘तजस्सुस’. उर्दूत त्याचा अर्थ कुतूहल असा सौम्य झाला आहे. आम्ही वर्गात मुलांमध्ये तजस्सुस जागवायला हवा असे म्हणतो. पण अरबीत आणि कुरआनच्या संदर्भात तो दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावण्याचा, पाळत ठेवण्याचा शब्द आहे आणि ते करायला मनाई आहे. एकाच शब्दात ज्ञानाची ओढ आणि हेरगिरी शेजारी शेजारी बसली आहे. इंटरनेटचेही तेच झाले. ज्या जाळ्यातून आपण जगाबद्दलचे कुतूहल भागवतो तेच जाळे आपल्याबद्दलचे कुतूहल भागवत असते.

हा संस्कार फक्त आमचा आहे असे मात्र नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते तेव्हा गाव माणसांनी भरून जाते. घरे उघडी असतात, देणाऱ्यांचे हात मोकळे असतात. तरी पाणी मागणारा वारकरी उंबरठ्याबाहेर उभा राहून ‘माउली’ अशी हाक मारतो. दार उघडे असणे आणि आत येण्याची परवानगी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. ज्या देवाणघेवाणीत विश्वास जास्त असतो तिथे विचारण्याची रीत सुटत नाही, उलट ती आणखी सहजपणे पाळली जाते.

फलटणचा आणखी एक संदर्भ इथे आठवतो. महानुभाव पंथासाठी हे गाव श्रीचक्रपाणींचे जन्मस्थान म्हणून तीर्थाच्या मोलाचे आहे. या पंथाने आपले मराठी ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तिची उकल केली आणि मराठीचा मोठा ठेवा बाहेरच्या वाचकांना खुला झाला. त्या गुप्ततेमुळे भाषेचे नुकसान झाले की ग्रंथांचे रक्षण झाले, यावर अभ्यासक बोलत राहतील. आम्हाला त्यातली दिशा महत्त्वाची वाटते. तिथे लिहिणाऱ्याने आपला मजकूर झाकला होता, आणि ज्याला किल्ली मिळाली तो निर्धास्तपणे वाचत होता. आज मजकूर उघडा आहे आणि वाचणारा उघडा पडला आहे. किल्ली आता पानाच्या हातात आहे आणि कुलूप आपल्या घराचे आहे.

हे बोलणे कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून घडलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट २०१८ सालची. ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर चोरट्यांनी स्क्रिप्टच्या अवघ्या २२ ओळी घुसवल्या. तिकीट काढणारा प्रवासी कार्डाचा क्रमांक भरत होता आणि तो क्रमांक कंपनीबरोबर चोरालाही पोचत होता. चार लाखांहून अधिक लोकांची माहिती धोक्यात आली आणि २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड झाला. बाहेरून पान जसेच्या तसे दिसत होते.

दुसरी गोष्टही २०१८ चीच, फेब्रुवारीतली. अंध आणि वाचायला अडचण असणाऱ्या लोकांना पान मोठ्याने वाचून दाखवणारी ‘ब्राउजअलाउड’ नावाची एक सोय होती. हजारो संकेतस्थळांनी ती सद्‌हेतूने आपल्या पानांना जोडली होती. त्या एका स्क्रिप्टमध्ये कोणी बिघाड केला आणि चार हजारांहून अधिक संकेतस्थळांवर येणाऱ्यांची यंत्रे काही तास गुपचूप कोणा परक्यासाठी आभासी नाणी कमावण्याच्या कामाला जुंपली गेली. त्यांत नागरिकांच्या माहितीचे रक्षण करणाऱ्या ब्रिटनच्या सरकारी कार्यालयाचे संकेतस्थळही होते. म्हणजे यजमान सज्जन, पाहुणा सज्जन, पण पाहुण्याने बरोबर आणलेला माणूस कोण हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत अस्वस्थ करते, कारण तिच्यात चोर नाही. युरोपातल्या काही विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी एक लाख मोठी संकेतस्थळे तपासली. युरोपातून पाहिले तेव्हा १,८४४ आणि अमेरिकेतून पाहिले तेव्हा २,९५० संकेतस्थळांवर, माणसाने ‘पाठवा’ हे बटण दाबण्याआधीच त्याने टाइप केलेला ईमेल पत्ता मागावर असणाऱ्या कंपन्यांकडे गेलेला आढळला. कल्पना करा, कोणी पत्र लिहितो, विचार बदलतो आणि फाडून टाकतो. लिहून फाडलेले पत्र कोणाचेच नसते, असे आपण मानतो. इथे फाडलेले पत्रसुद्धा पोचलेले असते. मन बदलण्याची मुभा ही माणसाच्या नैतिक आयुष्याची पहिली अट आहे. पश्चात्ताप, संयम, विचारपूर्वक गप्प राहणे हे सगळे त्या मुभेवर उभे आहे. ज्या व्यवस्थेत लिहिणे आणि पाठवणे यांतले अंतरच पुसले जाते ती व्यवस्था आपल्याकडून फक्त माहिती घेत नाही, ती सबुरीची जागाही घेते.

आता दुसरा आक्षेप. जाणकार म्हणतील, स्क्रिप्ट बंद केली म्हणून तुम्ही अदृश्य झालात असे समजू नका. हे खरे आहे. पान मागवणाऱ्या यंत्राचा पत्ता समोरच्याला कळतोच. चित्रे आणि कुकी यांच्या मदतीनेही माग काढता येतो. शिवाय स्क्रिप्ट बंद करणारे इतके थोडे आहेत की त्यामुळेच ते ओळखू येऊ शकतात. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले तेव्हा त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. नाव न सांगताही त्यांची ओळख पटण्यासारखी होती. ज्या गर्दीत सगळे चेहरे उघडे आहेत तिथे चेहरा झाकणारा आधी नजरेत भरतो.

पण या आक्षेपातूनच एक नैतिक धडा मिळतो. एकट्याने राखलेला एकांत तोकडा पडतो. नमाजच्या सफेत सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहिले की मागून कोण कोणता ते सांगता येत नाही. दिंडीतही तसेच. टॉर ब्राउझर बनवणाऱ्यांनी हेच ओळखले. त्यांची सगळी धडपड आपले सगळे वापरणारे एकसारखे दिसावेत यासाठी असते, आणि त्या ब्राउझरची सर्वांत कडक पातळी निवडली की स्क्रिप्ट बंद होते. खासगीपणाला आपण ‘माझा खासगी मामला’ समजतो, पण तो सार्वजनिक विहिरीसारखा आहे. सगळ्यांनी जपला तर सगळ्यांना पुरतो. प्रत्येकाने ‘मला काय फरक पडतो’ म्हटले की ज्याला खरोखर गरज असते, म्हणजे छळातून सुटू पाहणारी बाई, आजार लपवणारा रुग्ण, अन्यायाविरुद्ध लिहिणारा पत्रकार, तो एकटा उघड्यावर पडतो.

तिसरा आक्षेप आम्ही स्वतःच स्वतःवर घेतो, आणि शिक्षक म्हणून तो आम्हाला सर्वांत जड वाटतो. स्क्रिप्ट बंद करता येणे हे शिकलेल्या माणसाचे भाग्य आहे. ब्राउझर म्हणजे काय, सेटिंग कुठे असते, हे ज्याला ठाऊक त्यालाच हा नकार देता येतो. फायरफॉक्समध्ये पूर्वी जावास्क्रिप्ट बंद करण्याचे साधे चौकोनी खूणघर होते. ऑगस्ट २०१३ मध्ये २३ व्या आवृत्तीत ते नेहमीच्या सेटिंगमधून काढले गेले. चुकून बंद केल्यावर संकेतस्थळे मोडलेली दिसतात, असे कारण त्यामागे होते. कारण खोटे नव्हते. पण त्यामुळे नको म्हणण्याचे बटण बैठकीतून अडगळीच्या खोलीत गेले. त्याआधीपासून, २००५ सालापासून, इटलीतले जॉर्जिओ माओने यांचे ‘नोस्क्रिप्ट’ हे जोडसाधन आहे. कोणाची स्क्रिप्ट चालू द्यायची हे त्यात एकेकाचे नाव पाहून ठरवता येते. पण ते बसवणारा मुळातच जाणकार असतो.

आमच्या शाळांत येणाऱ्या मुलांच्या घरी बहुधा एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा तर आई आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेट कॅफेत जाते. तिथला पोऱ्या तिच्या वतीने प्रत्येक चौकटीत खूण करतो. ‘मला अटी मान्य आहेत’ हे वाक्य इंग्रजीत असते. ती ते वाचत नाही, पोऱ्याही वाचत नाही. त्या आईला आम्ही एकांताच्या हक्काबद्दल काय सांगणार? तिला नकार देण्याची सवड नाही, कारण नकार दिला तर मुलीची शिष्यवृत्ती जाते.

शिक्षकांचेही फार वेगळे नाही. विद्यार्थ्यांची माहिती सरकारी पोर्टलवर भरणे हा आता आमच्या नोकरीचा भाग आहे. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, धर्म, जात, मातृभाषा, अपंगत्व असेल तर त्याचा प्रकार. यातले बरेचसे योजनांसाठी लागते हे आम्ही नाकारत नाही. मोजणीशिवाय न्याय मिळत नाही, हे अल्पसंख्याकांइतके कोणाला कळणार? पण मोजणी आणि माग यांत फरक आहे. २०१७ मध्ये सुरू झालेले केंद्र सरकारचे दीक्षा ॲप कोरोनाच्या काळात देशभर वापरले गेले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने ४९ देशांतली शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळे तपासून मे २०२२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. तपासलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्के साधने मुलांच्या माहितीशी धोकादायक रीतीने वागत होती, असा त्याचा निष्कर्ष होता. दीक्षाचाही त्यात उल्लेख होता. मुलांच्या फोनचे नेमके ठिकाण टिपण्याची सोय त्यात असल्याचे आणि मुलांची काही माहिती गूगलकडे जात असल्याचे अहवालात म्हटले होते. शाळा बंद असताना मुलाला दुसरा वर्ग नव्हता. ज्या वर्गाबाहेर पडता येत नाही त्या वर्गातल्या संमतीला संमती म्हणायचे का?

उर्दूत ‘अमानत’ हा शब्द आहे. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू. तिचा उपभोग घ्यायचा नसतो, ती जपून परत करायची असते. मूल शाळेत येते तेव्हा त्याचे बालपण आमच्याकडे अमानत असते. त्यात त्याच्या चुकाही आल्या. आम्ही पाटीवर शिकलो. पाटीवरची चूक ओल्या फडक्याने पुसली जात असे आणि गुरुजीही ती विसरत. आजच्या मुलाने शोधलेला प्रत्येक शब्द, अर्धवट सोडलेला प्रत्येक धडा कुठेतरी साठून राहत असेल तर त्याला ओल्या फडक्याचा हक्क कोण देणार?

कायद्याने काही पावले टाकली आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. संमती मुक्त, नेमकी, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे हा कायदा म्हणतो. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती मागतो आणि मुलांच्या मागावर राहण्याला मनाई करतो, जरी काहींना त्यातून सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. शब्द चांगले आहेत. पण ‘समजून दिलेली’ या एका विशेषणाचा भार त्या प्लास्टिकच्या पिशवीवाल्या आईला पेलायचा आहे. तिच्या भाषेत, तिला कळेल अशा चार वाक्यांत कोणी सांगत नाही तोवर कायदा कागदावर राहील.

मग स्क्रिप्ट सरसकट वाईट समजून टाकून द्यावी काय? आमचे तसे म्हणणे नाही. मुलांना भूमितीतला त्रिकोण बोटाने ओढून कोनांची बेरीज तीच राहते हे दाखवता येते, ते स्क्रिप्टमुळे. ज्याच्या फोनवर उर्दूचा कळफलक नाही त्याला पानावरच अक्षरे निवडून लिहिता येते, तेही तिच्यामुळे. नकाशा, रेल्वेचे आरक्षण, बँकेचा व्यवहार हे आज तिच्याशिवाय होणे अवघड आहे. प्रश्न गरजेचा आणि प्रमाणाचा आहे. जिथे काम करायचे आहे तिथे कामकरी आत आला तर हरकत नाही. जिथे फक्त वाचायचे आहे तिथे त्याने दारातच थांबावे.

पाने बनवणाऱ्यांसाठीही यात एक साधा नियम आहे. आधी मजकूर द्या, मग त्यावर सोयी चढवा. ब्रिटन सरकारच्या डिजिटल विभागाने २०१३ मध्ये आपल्या संकेतस्थळावर मोजणी केली. १.१ टक्के लोकांपर्यंत स्क्रिप्ट पोचत नव्हती. त्यांत मुद्दाम बंद केलेले किंवा यंत्रातच सोय नसलेले फक्त ०.२ टक्के होते. उरलेल्या ०.९ टक्क्यांनी काहीच बंद केले नव्हते. त्यांच्याकडे स्क्रिप्ट चालायला हवी होती, पण जाळ्याच्या अडचणींमुळे किंवा अशाच कारणांनी ती चालली नाही. ब्रिटनमध्ये हे, तर फलटण तालुक्यातल्या वाडीवस्तीवर, जिथे नेट येते आणि जाते, तिथे काय असेल? म्हणजे जे पान स्क्रिप्टशिवाय वाचता येते ते फक्त आमच्यासारख्या हट्टी वाचकाचा मान राखत नाही, ते गरिबाच्या फोनचाही मान राखते. नकार देणाऱ्याची सोय आणि नाइलाज असणाऱ्याची सोय इथे एकच होते. या सगळ्या वादात आम्हाला सर्वांत आश्वासक वाटलेली गोष्ट हीच आहे.

फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून सुरुवात केली आणि त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. वाचता येणे म्हणजे अक्षरे जोडता येणे एवढेच नसून अर्थापर्यंत पोचणे आहे, हे अशा कामांनी आम्हा शिक्षकांना शिकवले. आता त्यात आणखी एक पायरी आली आहे. अर्थाबरोबर हेही कळले पाहिजे की मी वाचतो आहे तेव्हा मला कोण वाचते आहे. आम्ही वर्गात मुलांना संगणकशास्त्र शिकवू शकणार नाही. पण ‘परवानगी द्या’ असे लिहिलेल्या बटणावर बोट ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारायला शिकवू शकतो : कोण मागतो आहे, कशासाठी मागतो आहे, आणि नाही म्हटले तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच होणार नाही’ असे असेल तर खुशाल नाही म्हणावे. उत्तर ‘शिष्यवृत्ती जाईल’ असे असेल तर तो प्रश्न मुलाचा राहत नाही. तो आम्हा मोठ्यांचा, पालकसभेचा, मुख्याध्यापकांचा आणि परिपत्रके काढणाऱ्यांचा होतो, आणि तो त्यांच्यासमोर ठेवणे हे शिक्षकाचे काम आहे.

स्क्रिप्ट बंद करून वाचणे हा काही मोठा त्याग नाही आणि त्याने जगही बदलणार नाही. पण जो माणूस छोट्या गोष्टीत नाही म्हणण्याची सवय ठेवतो त्याचे हो खरे असते. आमच्या मुलांच्या तोंडी असे खरे हो आणि खरे नाही यावे आणि ते म्हणण्याची किंमत त्यांना शिष्यवृत्तीने किंवा शिक्षणाने मोजावी लागू नये, एवढीच आमची मागणी आहे.